सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, एका खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या वर्कशॉपमध्ये होतं. मी हवालदार सावंत, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. वरच्या चौक्यांना रेशन आणि रॉकेल नेणाऱ्या गाड्या चालू ठेवायच्या, हे काम. थंडीत सकाळी एकही गाडी सुखासुखी चालू होत नसे. आम्ही इंजिनाखाली शेगडी ठेवायचो, शिव्या घालायचो आणि ती चालू करायचो. लोकांना वाटतं फौजेत रोज गोळ्या सुटतात. माझी बहुतेक नोकरी गाडीखाली उताणं पडून झाली.

नाईक आनंद साळवे तिथेच भेटला. ड्रायव्हर. कांजूरमार्गचा. मी मुलुंडचा. घरापासून इतक्या लांब, आपल्यापासून दोन-तीन स्टेशनं सोडून राहणारा माणूस भेटला की बरं वाटतं. बाकीच्यांत हिंदी चालायचं. आम्ही दोघं असलो की मुंबईचं मराठी. तो मला उस्ताद म्हणायचा. तोंडाचा फाटका होता. सुभेदार साहेबांसमोरसुद्धा जिभेला हाड नसायचं. पण त्याच्या गाडीत खोट काढायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा.

एका सुट्टीवरून परतल्यावर थोड्याच दिवसांत तो गेला. सकाळी रेशन घेऊन वर चालला होता. वळणावर दरड आली. सिग्नलवाल्याने वायरलेस सेटवर त्याच्या गाडीला विचारलं, "वन फोर, लोकेशन बताओ. ओव्हर." उत्तर नाही. परत विचारलं. मग मागच्या गाडीने सांगितलं, "वन फोर नीचे है. रिकव्हरी भेजो. ओव्हर." रिकव्हरीची गाडी घेऊन मी गेलो. त्याची गाडी नाल्यात होती आणि तो गाडीत होता. आम्ही आधी त्याला वर काढलं, मग गाडीला.

पुढे मी रिटायर झालो. आता मालाडला एका ऑफिसात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तिथे साहेबलोकांच्या गाड्या सरळ रेषेत लावून घेतो आणि कोणी ऐकत नाही.

यंदा उन्हाळ्यात एका बाईचा फोन आला.

"काका, मी सुजाता. आनंद साळवेची बहीण. जुन्या लोकांकडून तुमचा नंबर मिळाला. दादाची घरी एक गाडी आहे. रविवारी भंगारात चाललीय."

"वाचवायची आहे?"

"नाही. नेऊ देत. पण जायच्या आधी तिला काय झालं होतं ते मला कळायला पाहिजे."

तिने जे सांगितलं ते असं. शेवटच्या सुट्टीत आनंदने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. सेकंड हँड. आईला बीपीचा त्रास. त्यांच्या गल्लीत रिक्षावाले यायला नाखूश. म्हणून आईसाठी गाडी. चालवायला वडील होतेच. त्यांनी उभं आयुष्य पाण्याचा टँकर चालवला होता. सुट्टी संपून आनंद गेला. त्याच आठवड्यात भर दुपारी आईचं तोंड वाकडं झालं. वडिलांनी तिला उचलून गाडीत घातलं. सेल्फ मारला. गाडी पकडेना. म्हातारा बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहिला. मग नाक्यावरून रिक्षा आणली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. आईचा उजवा हात आणि पाय गेला. बोलणंही अर्धंच परत आलं.

त्या संध्याकाळी वडिलांनी आनंदला फोन लावला. 'आईला मारायला गाडी दिलीस का रे?' म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन घेतला नाही. मग आनंद गेल्याचाच फोन आला.

"बाबा म्हणतात, दादाला माहीत होतं गाडी खराब आहे, तरी आमच्या गळ्यात मारली," सुजाता म्हणाली. "तेव्हापासून ते त्याच्या फोटोसमोर उभे राहत नाहीत. गाडीला कुणाला हात लावू देत नाहीत. सडू दे म्हणतात. मला एवढंच कळू द्या, दादाने खराब गाडी दिली होती का?"

मी म्हटलं, "शनिवारी येतो."

शनिवारी सकाळी टूलबॉक्स आणि मित्राकडून आणलेली चार्ज केलेली बॅटरी घेऊन मी कांजूरला पोचलो. वारा डम्पिंग ग्राउंडकडून होता, कचऱ्याचा वास घेऊन. बिल्डिंगच्या आवारात भिंतीला लागून गाडी उभी होती, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेले. मी बॅटरी खाली ठेवतोय तोवर सोसायटीचा सेक्रेटरी आला. मोबाइल समोर धरून शूटिंग करत.

"ओ भाऊ, इथे गॅरेज नाय उघडायचं हां."

"एक सकाळ फक्त."

"उद्या क्रेन येतेय. नोटीस लावलीय. आता कशाला खाजवून खरूज काढता?"

"मोबाइल खाली घ्या," मी म्हटलं. फौजेत ज्या आवाजात म्हणायचो त्या आवाजात म्हटलं. त्याने घेतला, पण हलला नाही.

तेवढ्यात म्हातारा उतरला. साळवेबाबा. लुंगी, बनियन, छाती अजून टँकरवाल्याची. त्याने बॅटरीकडे पाहिलं, माझ्या जुन्या फौजी बुटांकडे पाहिलं.

"कोण तुम्ही?"

"जय भीम, बाबा. हवालदार सावंत. आनंदच्या वर्कशॉपमधला."

"जय भीम. इतकी वर्षं कुठे होतात?"

"नोकरीवर. मग घरी."

"त्याची पेटी घेऊन आलात तेव्हा रांगेत उभे राहिलात. सलामी दिलीत. फोटो काढलेत. मग कोण फिरकलं? आणि आज गाडीसाठी? भंगारवाल्याचे दलाल का तुम्ही?"

मला राग आला. खरं सांगतो, म्हातारा मला आवडला नाही आणि आजही फारसा आवडत नाही. पेटीसोबत मी आलो नव्हतो, मी तेव्हा वरच होतो. पण हे त्याला सांगून काय उपयोग? त्याला भांडायला एक वर्दी हवी होती. वर्दी नव्हती तर बूट चालले.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"बाबा, मी बोलावलंय त्यांना," सुजाता म्हणाली.

"तू कोण बोलावणारी?"

"तुमच्या बायकोचं ढुंगण धुते ती," सुजाता म्हणाली. तिने पुढे होऊन स्वतः ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरला. म्हातारा तिथेच पायरीवर बसला आणि माझ्याकडे डोळे रोखून बसला. दुपारपर्यंत तो मला असाच पाहत होता.

फौजेत बंद गाडीसमोर उभं राहिलं की पाना नंतर हातात घ्यायचा. आधी शेवटच्या ड्रायव्हरला बोलवायचं. गाडी काय करत होती, कसला आवाज होता, कसला वास होता. निम्मा आजार तिथे कळतो. इथे शेवटचा ड्रायव्हर समोर बसला होता आणि मला खाऊ की गिळू करत होता.

"त्या दिवशी सेल्फ फिरत होता?"

तो पायरीवरची धूळ झटकत राहिला.

"बाबा, सेल्फ फिरत होता का?"

"फिरत होता. चांगला जोरात."

"टाकीत पेट्रोल?"

"फुल करून गेला होता तो."

"बॉनेटकडून वास?"

"पेट्रोलचा. भपकारा येत होता."

"मध्ये एखादा ठसका? सायलेन्सरमधून फटका?"

म्हाताऱ्याने विचार केला. पहिल्यांदाच तो माझ्यावर न भडकता बोलला, एक ड्रायव्हर दुसऱ्या माणसाला सांगतो तसा. "एकदाही नाही. सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही. ढिम्म." मग त्याच्या लक्षात आलं आपण कोणाशी बोलतोय. "आणि मला शिकवू नका. स्टीअरिंग धरून माझे हात वाकडे झालेत."

इंजिन फिरत होतं, पेट्रोल येत होतं, आणि एकही ठसका नव्हता. म्हणजे ठिणगी नव्हती. का नव्हती ते बघायचं. पण मधल्या वर्षांत गाडीत इतर हजार रोग शिरले असणार. ते आधी बाजूला करावे लागणार होते.

प्लग काढले. भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं. इंजिन जाम असेल तर पुढचं सगळं व्यर्थ होतं. पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. अडलं, मग कुरकुरत फिरलं. सेक्रेटरीच्या तोंडून "अरे वा" निघालं आणि लगेच त्याला त्याची लाज वाटली. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता. तो पाइप सोडवून ठेवला. बॅटरी जोडली. एक प्लग वायरला लावून बॉडीला टेकवला आणि सुजाताला म्हटलं, "चावी फिरव."

सेल्फ फिरला. प्लगवर ठिणगी नाही.

"बघा," म्हातारा म्हणाला. "मी म्हणालोच होतो. मेलेलीच आणली होती."

मला वाटलं प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट गंजले असतील. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते होतंच. घासायला पॉलिशपेपर काढला. डिस्ट्रिब्यूटरची कॅप दोन क्लिपांनी बसलेली असते. क्लिपा सरळ होत्या, नीट दाबून लावलेल्या. मी त्या काढल्या, कॅप उचलली.

आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. प्लास्टिकचा, वर पितळेची पट्टी. तो फिरतो आणि एकेका प्लगला आळीपाळीने ठिणगी पोचवतो. तो नसेल तर गाडीत बाकी सगळं जिथल्या तिथे असूनही ती जन्मात चालू होणार नाही. आणि तो मोडून पडला नव्हता. आत एक तुकडा नव्हता, पूड नव्हती. कोणीतरी अलगद काढला होता आणि कॅप परत व्यवस्थित लावली होती.

"काय झालं?" सुजाता म्हणाली.

"एक पार्ट नाहीये."

"चोरीला गेला असेल," सेक्रेटरी म्हणाला. "इथे काय कमी चोऱ्या होतात?"

चोर बॅटरी नेतो, चाकं नेतो. एवढासा तुकडा काढून, कॅपच्या क्लिपा जागेवर बसवून जाणारा चोर मी पाहिलेला नाही. पण असं करणारी माणसं मी खूप पाहिली होती. आमच्याकडे पेट्रोलची जीप उघड्यावर उभी करायची असली की ड्रायव्हर रोटर काढून खिशात घालायचा. तशी ऑर्डरच असायची. गाडी कोणाच्या हाती लागली तरी चालू होता कामा नये. सकाळी रोटर लावायचा, संध्याकाळी काढायचा. नवीन पोराला आठवण करून द्यावी लागते. जुन्याचे हात आपोआप करतात, त्याला विचारलं तर आठवणारही नाही. आनंद ट्रकवर येण्यापूर्वी वर्षानुवर्षं साहेबांच्या पेट्रोल जीपवर होता.

"सुजाता, तेव्हा ही गाडी कुठे उभी असायची?"

"बाहेर, रस्त्यावर. आवारात घ्यायला आम्हाला परवानगी नव्हती. नंतर बंद पडल्यावर ढकलून आत आणली."

"आनंद रात्री गाडीचं काही करायचा?"

"रोज बॉनेट उघडून बघायचा. रात्री आणि सकाळी. आई हसायची. म्हणायची, पोराला गाडीचं वेड लागलंय." मग तिने बॉनेटकडे पाहिलं. "जायच्या आदल्या रात्रीपण उघडलं होतं. सकाळी रिक्षाने स्टेशनला गेला. घाईत."

मी पाना पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुसला.

कारण मला तेव्हा वर्कशॉपमधली एक दुपार आठवली. कुकहाउसमागे एक भिंत होती, तिच्या एका कोपऱ्यातच मोबाइलला नेटवर्क मिळायचं. आनंद तिथे उभा होता. फोन लावायचा, कानाला धरायचा, परत लावायचा.

"उस्ताद, बाबा फोन घेत नाहीत."

"बहिणीला लाव."

"ती हॉस्पिटलात आहे. आणि हे बाबांनाच सांगायला पाहिजे. माझं चुकलंय यार, फार मोठं."

"काय केलंस?"

"घरचं आहे. आधी त्यांना सांगतो." खिशातून हात काढून त्याने परत नंबर लावला.

मला वाटलं, घरचं भांडण. प्रत्येक जवानाच्या घरी एक भांडण चालूच असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेशन घेऊन वर गेला.

आता आवारात उभं राहून वाटलं, पॉइंट गंजले होते म्हणून सांगावं. मुलगी समाधान पावेल, म्हातारा आपल्या रागाला धरून बसेल, मी मुलुंडला जेवायला पोचेन. खोटं कोणाला कळणार होतं? पण आनंद ज्या गोष्टीसाठी भिंतीला टेकून उभा होता ती गोष्ट आता माझ्या हातात होती. ती पोचवणं माझं काम होतं. मी म्हाताऱ्यासमोर गेलो आणि सगळं सांगितलं. रोटर म्हणजे काय, तो कोणी काढला, का काढला.

म्हातारा उठला.

"म्हणजे त्यानेच केलं."

"सवयीने केलं. मुद्दाम नाही."

"त्यानेच केलं ना? ऐकलंस सुजाता? मी म्हणत होतो ते खरं का नाही? बायको माझ्या मांडीवर वाकडी होत होती आणि चालू करायचा पार्ट हा खिशात घालून गेला!"

त्याचा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत गेला. खिडक्या उघडल्या. सुजाताने तोंडावर हात ठेवला. मीच तिची वाट लावली असं मला वाटलं. तिने खरं मागितलं होतं आणि खरं तिच्या भावाच्या विरुद्ध निघालं होतं.

"त्याला कळलं होतं, बाबा," मी म्हटलं. "तुमच्या फोननंतर त्याला कळलं होतं. तेच सांगायला तो फोन लावत होता. माझ्यासमोर. 'बाबांनाच सांगायला पाहिजे, माझं चुकलंय,' हे त्याचे शब्द. तुम्ही घेतला नाहीत."

हे मी कडक आवाजात बोललो. मऊपणे बोलता आलं असतं. सकाळपासून ऐकून घेतलं होतं, तेही त्यात आलं.

म्हाताऱ्याने गाडीपाशी जाऊन उघड्या बॉनेटमध्ये पाहिलं. मग म्हणाला, "कशावरून? एका पार्टने चालू होते कशावरून? चालू करून दाखवा. नुसत्या गोष्टी नकोत."

सुजाताच्या स्कूटरवर बसून आम्ही घाटकोपरला गेलो. तिसऱ्या दुकानात रोटर मिळाला. परत येईपर्यंत म्हातारा जागचा हलला नव्हता. सेक्रेटरीही नव्हता हलला. त्याने आता घरून खुर्ची आणली होती. मी रोटर बसवला. पॉइंट घासले. प्लगवर ठिणगी आली, निळी, चांगली. बाटलीत ताजं पेट्रोल घेऊन तिची नळी पंपाला जोडली, थोडं कार्ब्युरेटरच्या तोंडात ओतलं.

सुजाता चावीकडे वळली. म्हाताऱ्याने तिला बाजूला केलं.

"सेल्फ मी मारणार."

तो सीटवर बसला. सेल्फ फिरला. गाडी शिंकली, एक फटका आला, परत फिरला आणि तिने पकडलं. सगळं आवार धुराने भरलं. सेक्रेटरी खोकत ओरडला, "अहो बंद करा, लोकांना दमा आहे इथे!" वरच्या खिडकीत एक बाई लोखंडी जाळीला डाव्या हाताने धरून उभी होती. आनंदची आई. ती काहीतरी म्हणाली, मला समजलं नाही. सुजाता वर धावली.

म्हाताऱ्याने पाय ॲक्सिलेटरवरून काढला नाही. समोर भिंत होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "हवालदार, काय सांगणार होता तो मला?"

"चूक झाली म्हणून."

"माझी चूक झाली? तो?" म्हातारा म्हणाला. "तुम्ही ओळखत नव्हतात त्याला. तो बापासमोर असं मेला तरी म्हणाला नसता."

"मग काय म्हणाला असता?"

"म्हणाला असता, बाबा, शिव्या नंतर घाला, आधी बॉनेट उघडा."

तो हसला. हसताना त्याचा चेहरा हुबेहूब आनंदचा झाला, आणि मला ते सहन झालं नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. त्याने चावी फिरवून गाडी बंद केली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. सेक्रेटरी खुर्ची उचलून निघून गेला. तेवढं शहाणपण त्याला होतं.

मी सामान भरलं. निघताना म्हातारा गाडीतच होता. आभार मानले नाहीत, चहाही विचारला नाही. फक्त म्हणाला, "त्याला बाहेर कोणी काढलं?"

"मी."

"बरं," तो म्हणाला. "जा आता."

रविवारी संध्याकाळी सुजाताचा फोन आला. क्रेन आली होती, गाडी गेली. बाबांनी अडवलं नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता फोटोसमोर बसलेत. जेवण झाल्यापासून. शिव्या घालतायत दादाला. एवढा मोठा ड्रायव्हर आणि एवढं आठवत नाही, गधड्या, आईचा हात घालवलास, फोन तरी दुसऱ्या नंबरवर करायचास. थांबतच नाहीत. आई बाजूला बसून ऐकतेय." तिने आवाज खाली आणला. "काका, बाबा त्याला आनंदा म्हणतायत. आनंदा, आनंदा म्हणून शिव्या घालतायत. तो गेल्यापासून या घरात त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं."

फोनमागून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. मी तो ऐकत उभा राहिलो, संपेपर्यंत.